दौंड बाहेर कवापासनं झालं?

राम राम मंडळी.

आबा, वैभवदादा, घरातली सगळी माणसं, आणि भीमेच्या अल्याडून-पल्याडून आलेले माझे शेतकरी बांधव, आयाबहिणी. आधी एक कबूल करतो. मी बोलणारा माणूस नाही. मी चित्रं काढणारा माणूस. माईक हातात धरायची ही माझी पहिली वेळ, आणि ती अशा कामाला यावी, हे काही सोसत नाही. सकाळपासून तीन कागद लिहिले. तिन्ही फाडले. कारण वाचून बघितलं तर त्यातली बाई फारच शांत, प्रेमळ आणि मितभाषी निघाली. म्हटलं, ही कोण? आपल्या मामी तर नाहीत!

हसा, मंडळी. हसायला हरकत नाही. मामींचे मालक, आपले आबाच हसलेत बघा.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं नाव अमोल, गाव न्हावरे. विमलमामींच्या या रोपवाटिकेतून तुम्ही मिरचीची, टोमॅटोची, झेंडूची, कलिंगडाची रोपं नेता. त्या रोपांच्या ट्रेबरोबर एक चिठ्ठी येते, रोप कसं लावायचं ते सांगणारी. मोबाईलवर छोटे व्हिडिओ येतात. त्यातली चित्रं मी काढतो. आणि रोज सकाळी तुमच्या मोबाईलवर जो आवाज येतो, "आज ठिबक किती वेळ चालवा, आज फवारू नका", तो आवाज या आमच्या शबानाचा. ती दौंडची. ती मागच्या रांगेत बसलीय. तिला बोल म्हटलं, तर म्हणाली, माझ्याच्यानं आज व्हायचं नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी मामी रोपांवर सावली धरणाऱ्या शेडनेटमधून नेहमीची फेरी मारून आल्या. ओट्यावर टेकल्या. चहा टाका म्हणाल्या. चहा गाळून होईपर्यंत मामी नव्हत्या. एवढंच झालं. त्याच्यावर मी जास्त बोलणार नाही. मला मामी गेल्या कशा ते सांगायचं नाही, वागल्या कशा ते सांगायचंय.

माझी आणि मामींची ओळख कशी झाली? आमची गाठ एका फोटोनं घातली.

त्या वेळी मी न्हावऱ्याला घरी बसून कॉम्प्युटरवर काम करायचो. काम काय, तर परदेशातल्या दुकानांच्या फोटोतली मागची बाजू कापायची. बूट असेल तर नुसता बूट ठेवायचा, बाकी सगळं पांढरं. दिवसभर बूट. कधी पर्स. कोणाचे बूट, कोण घालणार, काही पत्ता नाही. वेबसाईटवर काम यायचं, करून टाकायचं. माझं नाव तिथं नव्हतंच, एक नंबर होता.

आणि एक दिवस बुटांच्या मधून एक बाई आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे, आणि चेहऱ्यावर असा भाव की फोटो काढणाऱ्याला आता दोन शब्द सुनावणार. मागं निळी पाण्याची टाकी. मी बघतच राहिलो. ही टाकी मी पाहिलेली! वडिलांबरोबर रोपं आणायला आलो होतो तेव्हा. ही तर मांडवगणच्या विमलमामींची टाकी!

कामाची सूचना अशी होती, की मागची टाकी आणि ऊस काढून टाका. त्या जागी हिरव्यागार टेकड्या आणि लाल छपराचं घर बसवा. आणि बरोबर चिठ्ठीचा मजकूरही होता, तो फक्त मांडायचा होता. मी वाचायला लागलो. पहिलंच वाक्य: "आपला कारखाना दोन दिवस सावलीत ठेवावा."

पुन्हा वाचलं. "लागवडीपूर्वी आपला कारखाना कठोर करावा. कारखान्यास मुळाशी पाणी द्यावे."

मंडळी, प्लांट! प्लांट म्हणजे रोप, आणि आपल्या सणसवाडीतल्या कंपन्यांत प्लांट म्हणजे कारखाना. कुठल्या तरी मशीननं भाषांतर केलेलं, आणि कुठल्या तरी माणसानं न वाचता पुढं ढकललेलं.

आता मी काय करायचं? नियम स्वच्छ होता. ज्याचं काम आहे त्याच्याशी थेट बोलायचं नाही. बोललं की काम बंद. आणि घरात तेवढंच काम होतं माझं. सकाळपासून दुपारपर्यंत मी त्या बाईकडं बघत बसलो. शेवटी वडील म्हणाले, "आरं, मोटारसायकलनं अर्धा तास लागतो. जाऊन सांगून ये की." त्यांना नियम माहीत नव्हता. मला होता. तरी निघालो.

मी आलो तेव्हा मामी इथंच, याच शेडमध्ये होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कोण रं तू?"

म्हटलं, "मामी, मी न्हावऱ्याचा. तुमचा फोटो माझ्याकडं आलाय."

म्हणाल्या, "कशापायी? या वयात माझी सोयरीक जमवतोस का काय?"

मी लॅपटॉप उघडून दाखवला. मामींनी चष्मा लावला. मोठ्यानं वाचायला लागल्या. "आपला कारखाना... दोन दिवस... सावलीत..." आणि मग ज्या हसायला लागल्या! उपड्या क्रेटवर बसल्या. डोळ्याला पदर लावला. शेडमधल्या बाया गोळा झाल्या. प्रत्येकीला वाचून दाखवलं. "आगं, कारखाना सावलीत ठिवा म्हणत्यात. येवढं मोठं शेडनेट कुठनं आनू?"

आणि एकदम डोळे पुसले. म्हणाल्या, "आन् हे छापून गेलं असतं तर? हसला असता तो हसला असता. पण एखाद्यानं माझ्यावर भरवसा ठिवून खरंच कायतरी भलतं केलं असतं तर?"

मग त्यांनी मला विचारलं, हा फोटो माझ्या दारातनं निघाला तो तुझ्याकडं कसा आला? मी सांगितलं. वैभवदादांनी काम पुण्यातल्या एका एजन्सीला दिलं होतं. एजन्सीनं दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीला दिलं. त्या कंपनीनं परदेशातल्या वेबसाईटवर टाकलं. आणि वेबसाईटवरून ते न्हावऱ्याला माझ्याकडं आलं.

मामी म्हणाल्या, "म्हंजी माझ्यापरीस माझा फोटोच जास्त हिंडला की! मी अजून इमानात बसले न्हाई."

वैभवदादा तेव्हा तिथंच उभे होते. दादा, मी सांगू ना? ... मान हलवतायत. दादा म्हणाले, "आई, चूक होते एखादी. पण त्यांच्याकडं सिस्टीम असते. मोठी टीम असते. इथं गावात कोण करणार हे काम?"

मामींनी नुसतं माझ्याकडं बोट केलं.

आता हे दादांना कमी दाखवायला सांगत नाही. दादांचं म्हणणं चूक नव्हतं. गावात असं काम करणारं कोण होतं? होते ते सगळे पुण्याला. नाहीतर माझ्यासारखे घरात दार लावून परदेशी बूट कापत बसलेले. दिसणार कुणाला?

संध्याकाळपर्यंत वेबसाईटनं माझा नंबर बंद केला. कुणी कळवलं माहीत नाही. बहुतेक मीच. काम परत पाठवताना मी खरं कारण लिहिलं होतं. मामींना फोन करून सांगितलं. मला वाटलं, हळहळतील. मामी म्हणाल्या, "उद्यापासनं ये. पन चित्र काढाया न्हाई. आठ दिस ट्रे भर."

आठ दिवस मी ट्रेमध्ये नारळाचा भुसा, कोकोपीट भरलं, मंडळी. बी टाकलं. बायांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. नवव्या दिवशी मामींनी कागद दिला आणि म्हणाल्या, "आता काढ. आता तुला ठावं हाय रोप किती हलकं असतं ते."

आणि खरंच, त्या दिवशी माझा हातच बदलला. आधी मी रोप काढायचो ते बुटासारखं. त्या दिवशी पहिल्यांदा रोपासारखं काढलं.

म्हणून लगेच पास झालं असं समजू नका. मामींबरोबर काम करणं म्हणजे काय, ते मला विचारा. हिरवा रंग वीस वेळा बदलायला लावायच्या. "हा न्हाई. हा शेवाळाचा झाला." पुन्हा. "हा पोपटाचा झाला." शेवटी शेडमधून खरं पान तोडून आणायच्या आणि कॉम्प्युटरच्या काचेला चिकटवून धरायच्या. "आता बघ." काच पुसून पुसून माझं फडकं हिरवं व्हायचं. रागवायच्या, आणि तासाभरानं स्वतःच्या हातानं भाकरी वाढायच्या. रागवलेलं विसरून नव्हे हं. वाढता वाढता पुन्हा रागवायच्या.

आता शबानाचं.

मामी आणि दादा दौंडच्या बाजारात गेले होते. एक रिक्षा चालली होती, वर भोंगा, चादरींच्या सेलची जाहिरात. मामी थबकल्या. म्हणाल्या, "वैभव, त्या रिक्षामागं घे." दादा म्हणाले, चादरी घ्यायच्यात का? "चादरी न्हाई. तो आवाज घ्यायचाय." अख्ख्या दौंडभर गाडी रिक्षाच्या मागं! रिक्षावाला घाबरला, त्याला वाटलं काहीतरी लफडं झालं. शेवटी तो थांबला, आणि कळलं की आवाज एका कॉलेज झालेल्या मुलीचा आहे, ती घरूनच जाहिराती बोलून देते.

मामी तशाच तिच्या घरी. शबाना म्हणाली, "मामी, मेरेको शेतीतलं काहीच कळत नाही." मामी म्हणाल्या, "मंग तर लईच ब्येस. जे तुला कळंल ते समद्यांना कळंल. न्हाई कळलं तर मला इचार. मी चुकीचं सांगितलं आसंल."

पण मामींना ती इथं शेडमध्ये यायला हवी होती, आणि शबानाचे अब्बा तयार होईनात. दौंडहून मांडवगणला रोज यायचं, संध्याकाळी एसटीची खात्री नाही, मुलगी एकटी. त्यांची काळजी रास्तच होती. मामींनी वाद घातला नाही. चहा घेतला. घर बघितलं. आतल्या खोलीत भिंतीत एक मोठं कपाट होतं. म्हणाल्या, "भाईजान, हे कपाट मला द्या." दुसऱ्या दिवशी मी आणि मामी गोधड्या घेऊन दौंडला. कपाट आतून गोधड्यांनी मढवलं. मध्ये माईक. झाला स्टुडिओ! रोज सकाळी शबाना कपाटात बसते आणि भीमेच्या दोन्ही काठांना सांगते, आज काय करा.

तेव्हा दादा म्हणाले, आणि हे मी कधी विसरणार नाही. दादा म्हणाले, "आई, म्हणजे हे कामही बाहेरच दिलं की. हेही आऊटसोर्सिंगच झालं!"

मामी म्हणाल्या, "दौंड बाहेर कवापासनं झालं?"

दादा म्हणाले, "मग बाहेर म्हणजे कुठलं?"

मामींनी जरा विचार केला. म्हणाल्या, "जिथला मानूस माझं रोप बघाया येऊ शकत न्हाई, ते बाहेर. मंग तो पुन्यातला आसू दे न्हाईतर शेजारचा."

मंडळी, मी नंतर मोठमोठ्या मीटिंगमध्ये बसलो. पडद्यावर बाण, गोल, चौकोन बघितले. पण या विषयावर याच्याइतकं सरळ कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

मोठ्या मीटिंगमध्ये कसा बसलो म्हणता? तेच सांगतो. मी मामींना सोडून गेलो होतो.

हो. सगळ्यांना माहीत नाही, पण आज सांगायलाच पाहिजे. माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. पाहुणे विचारायचे, मुलगा काय करतो? आई सांगायची, रोपवाटिकेत चित्रं काढतो. पाहुणे चहा संपवून निघून जायचे. आईचा चेहरा बघवेना. तेवढ्यात पुण्यातून बोलावणं आलं. काचेची बिल्डिंग, गळ्यात कार्ड, एसी. मी मामींकडं गेलो, मान खाली घालून. वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मामी म्हणाल्या, "जा. बूट घेऊन ठिव, तिथं चपला चालत न्हाईत." बस.

मी गेलो. आणि तिथं काय काम मिळालं असेल? फोटोतली मागची बाजू कापायची. पुन्हा बूट! फक्त खुर्ची भारी.

इकडं दादांनी काम पुन्हा बाहेर दिलं. या वेळी कॉम्प्युटरच आपोआप चित्रं काढायचा. सुंदर चित्रं. फक्त झेंडूच्या झाडाला पानं भलत्याच झाडाची. एक आजोबा ट्रे घेऊन परत आले म्हणे, "मला झेंडू पाहिजे व्हता, हे कुठलं दिलं?" रोप झेंडूचंच होतं. चित्र चुकीचं होतं. पण आजोबांनी चित्रावर विश्वास ठेवला. का ठेवला? कारण मामींच्या चिठ्ठीत कधी चूक नसते, हे त्यांना माहीत होतं.

मग मामींचा फोन आला. मला वाटलं, परत ये म्हणतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. मामी म्हणाल्या, "तुझ्यासारका दुसरा एक शोधून दे. पुन्यात लई आसत्याल."

एवढंच. परत ये, असा एक शब्द नाही.

मी शोधायला लागलो. ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, मांडवगणला काय आहे? मी सांगायला लागलो. म्हटलं, तिथं तू काढलेलं चित्र दुसऱ्या दिवशी शेतात दिसतं. तो नको म्हणाला. दुसरी एक मुलगी होती, ती शिरूरचीच. तिला सांगितलं, तिथं चिठ्ठीवर खाली तुझं नाव छापतात, गावासकट. चित्र अमुक, आवाज तमुक. शेतकरी नावानं फोन करतात आणि चूक झाली तर नावानं ओरडतात. सांगता सांगता मी उभा राहिलो होतो. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "मग तू सोडलंस कशाला?"



त्याच महिन्यात परत आलो. इथं शेडच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "मामी, दुसरा मिळाला नाही." मामी म्हणाल्या, "मिळंल कसा? तू नीट शोधलाच नसशील." आणि आतून कागद आणून दिला. झेंडूच्या पानापासून सुरुवात कर म्हणाल्या.

जाणूनबुजून केलं का त्यांनी ते? मी खूपदा विचारलं. कधी कबूल केलं नाही. आबांना माहीत असेल. आबा सांगणार नाहीत.

आणि लग्नाचं म्हणाल, तर पुढच्या वर्षी केडगावकडच्या एका घरी गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, काय करता? आईनं घाबरत सांगितलं. ते गृहस्थ आत गेले, कपाटातून आमची मिरचीची चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, "हे फुलकिड्याचं चित्र तुमचं? या चित्रामुळं मला पहिल्यांदा कळलं किडा बसतो कुठं." ती मुलगी आज इथं बसलीय. लग्नात मामींनी अक्षता टाकायच्या आधी मीच काढलेली लग्नपत्रिका बघितली आणि म्हणाल्या, "हिरवा बरा जमलाय."

मंडळी, शेवटचं सांगतो, आणि थांबतो.

मामी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अचानक गारठा वाढला. तुमच्यातल्या कित्येकांनी मामी जायच्या आदल्याच दिवशी कलिंगडाचे ट्रे नेले होते. वाफ्यांवर मल्चिंगचा कागद अंथरून तयार होता. त्या थंडीत रोप लावलं असतं तर गारठून मेलं असतं. सकाळचा निरोप जायला पाहिजे होता. शबाना दौंडला कपाटात जाऊन बसली, पण तिला बोलवेना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा रडली. तिनं मला फोन केला. मी तर तुम्हाला सांगितलंच, बोलणारा माणूस नाही. माझं डोकं चालेना. मी म्हटलं, आज राहू दे, घरात दुःख आहे, लोक समजून घेतील.

वैभवदादा मागं उभे होते. अंगावर पंचा, डोळे जागरणानं लाल. म्हणाले, "लोक समजून घेतील. रोप घेणार नाही." आणि माझ्या हातातून मोबाईल घेतला.

दादा पुण्यात शिकलेले. शुद्ध बोलतात. पण त्या दिवशी ते जे बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. "राम राम मंडळी. मी इमलमामींचा वैभव बोलतोय. आई काल गेली. आज गारठा लई हाय. कलिंगडाचं रोप आज लावू नगा. ट्रे आडोशाला उबेत ठिवा. दोन दिस थांबा. परवा सकाळी पुन्हा सांगतो."

आणि उत्तरं यायला लागली. मी शेजारी उभा होतो, बघत होतो. मोठमोठ्या शब्दांत दुःख कुणी कळवलं नाही. कुणी लिहिलं, "थांबतो." कुणी लिहिलं, "ट्रे गोठ्यात ठेवलेत." न्हावऱ्याहून आलं, दौंडहून आलं, नदीपल्याडच्या एका आज्जीचा तर आवाजच आला, "घरात चुलीपाशी ठेवलेत बाबा, तू जेव." दादा एकेक ऐकत राहिले. आईला अग्नी देतानाही न रडलेला माणूस, तेव्हा मोकळा झाला.

दोन दिवसांनी दादांनी सांगितल्यावर तुम्ही रोपं लावलीत. आज इकडं येताना मी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघत आलो. मंडळी, सगळी उभी आहेत.

आता आपणही उभे राहूया. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी बसूनच हात जोडा, मामींनीही तेच सांगितलं असतं. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. अख्ख्या आयुष्यात मामींना दोन मिनिटं कुणी पूर्ण शांततेनं दिली नाहीत, आणि त्यांनीही कुणाला दिली नाहीत. आज देऊया.

मामी, नमस्कार करतो.